लेबलावर वीस, जेलमध्ये पाच

एका रेणूमुळे पेशीची पकड लहान होते आणि तरीही तिची ओढ दुप्पट होते, असा निष्कर्ष गेल्या पावसाळ्यात आमच्या लॅबने काढला. गोषवारा लिहिला, परिषदेला पाठवला आणि महिन्याभरात मागे घेतला. मधल्या काळात काय घडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. अशा गोष्टी पेपरात छापून येत नाहीत, चहाच्या टेबलावर एकमेकांना सांगितल्या जातात आणि तिथेच विरतात. लॅब खारघरची आहे, एवढं पुरे. चूक मुख्यतः माझी होती, मार्गदर्शक म्हणून.

पेशीला जमीन कळते

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

आम्ही वापरतो त्या पेशी उंदराच्या भ्रूणापासून निघालेल्या, 3टी3 नावाच्या. 1962 साली न्यूयॉर्कमध्ये टोडारो आणि ग्रीन यांनी हा वंश सुरू केला. दर 3 दिवसांनी 3 लाख पेशी नव्या डिशमध्ये टाकायच्या, म्हणून 3टी3. या फायब्रोब्लास्ट जातीच्या पेशी. जखम भरताना धावून जाणाऱ्या पेशींच्या या बहिणी, पण धावणं म्हणजे तासाला वीस-तीस मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी पार करायला तिला तीनेक तास लागतात.

ती चालते कशी? पुढच्या काठाशी ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू वाढत राहतात. एकेक तंतू जेमतेम 7 नॅनोमीटर जाड, पण असे हजारो मिळून पेशीचं पटल पुढे रेटतात. मात्र ते नुसतेच रेटत राहिले तर पटलाच्या उलट्या दाबाने आणि मायोसिन या तंतू ओढणाऱ्या प्रथिनाच्या ओढीने मागच्या मागे घसरतात. पुढे जायचं तर कुठेतरी पाय रोवावा लागतो. ते काम इंटेग्रिनचं, पेशीच्या पटलातून आरपार गेलेल्या प्रथिनाचं. त्याचा एक हात पेशीबाहेरच्या फायब्रोनेक्टिन किंवा कोलॅजेन या प्रथिनांना, दुसरा आत टॅलिन, व्हिन्क्युलिन वगैरे मंडळींमार्फत ॲक्टिनला. अशा जोडांचा पुंजका म्हणजे पकड. 1988 मध्ये मिचिसन आणि कर्शनर यांनी याला क्लचची उपमा दिली, आणि ती अजून टिकून आहे. इंजिन कितीही घोंघावलं तरी क्लच लागल्याशिवाय गाडी हलत नाही. इथे आणखी एक भानगड आहे: पुढचा पाय रोवल्यावर मागचा सोडवावाही लागतो. पकडी फार घट्ट झाल्या की पेशी जागच्या जागी ताणली जाते आणि मंदावते.

आता जमिनीचा प्रश्न. ओहोटीच्या वेळी बेलापूरच्या खाडीत उतरून रस्सीखेच खेळायची ठरवली तर काय होईल? ओढायला जाल तर पायच सरकतील, जोर लावायला आधारच नाही. पेशीचंही तेच. जमीन कठीण असेल तर ती जोरात ओढू शकते, त्या ताणाने पकडी आणखी मोठ्या होतात, आत ॲक्टिनचे जाड दोर तयार होतात, पेशी पसरते. जमीन मऊ असेल तर पकडी लहान राहतात, पेशी आखडते. उपमा इथवरच चालते. माणूस चिखलात रुततो आणि हळू चालतो. 3टी3 मऊ जमिनीवर उलट जास्त चळवळी होते, कारण तिच्या मागच्या पकडी चटकन सुटतात.

हे सारं पॉलिॲक्रिलामाइडच्या जेलमुळे कळलं. प्रथिनं वेगळी करायला प्रत्येक लॅबमध्ये जे जेल ओततात, तेच. 1997 मध्ये पेलहॅम आणि वांग यांनी दाखवलं की त्यावर कोलॅजेन चिकटवलं, आणि रसायनं तीच ठेवून फक्त जेलचा ताठरपणा बदलला, तरी पेशीचा आकार, पकडी आणि हालचाल बदलते. 2000 साली लो, वांग आणि सहकाऱ्यांनी अर्धं जेल मऊ आणि अर्धं कठीण केलं, तर पेशी मऊकडून कठीणकडे सहज ओलांडून गेल्या, उलट दिशेने जाताना मात्र सीमेवरून वळल्या. 2006 मध्ये एंगलर आणि सहकाऱ्यांनी मूलपेशींना 1 किलोपास्कलच्या आसपासच्या, मेंदूइतक्या मऊ जेलवर ठेवलं तर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, 10 किलोपास्कलच्या आसपास स्नायूच्या आणि 25 ते 40 वर हाडाच्या. अंदाजासाठी सांगते, ज्या प्लास्टिकच्या डिशमध्ये जगभर पेशी वाढवतात तिचा ताठरपणा किलोपास्कलमध्ये मोजायला गेलं तर आकडा दहा लाखांच्या वर जातो. शरीरातल्या मऊ अवयवांतली कुठलीच पेशी एवढ्या कडक जमिनीवर राहत नाही. आपण त्यांना वर्षानुवर्षं फरशीवर झोपवतो आणि मग त्यांच्या सवयींबद्दल लिहितो.

जेल ओतणं

माझी विद्यार्थिनी पेंधरहून मेट्रोने येते, साडेआठला लॅबमध्ये हजर असते, आणि जेल ओतण्यात तिचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नाही. तिची कृती अशी: 8 टक्के ॲक्रिलामाइड, 0.26 टक्के बिसॲक्रिलामाइड. छापील तक्त्याप्रमाणे याचा ताठरपणा साधारण 20 किलोपास्कल. त्यात 0.2 मायक्रॉनचे चमकणारे मणी, खुणेसाठी. शेवटी अमोनियम पर्सल्फेटचं, म्हणजे आमच्या भाषेत एपीएसचं, 10 टक्के द्रावण आणि टेमेड. हे दोघे मिळून मुक्त मूलकं, म्हणजे चटकन जोडले जाणारे रेणूंचे तुकडे, तयार करतात आणि साखळ्या जोडल्या जायला लागतात. प्रक्रिया केलेल्या काचेवर एक थेंब, त्यावर दुसरी गोल कव्हरस्लिप अलगद. थेंब पसरून सुमारे 80 मायक्रॉनचा थर होतो. उरलेलं मिश्रण छोट्या नळीत ठेवायचं आणि नळी अधूनमधून वाकडी करून बघायची. आतलं पाणी हललं नाही की जेल बसलं. मग वरची कव्हरस्लिप काढायची, धुवायचं, फायब्रोनेक्टिन चिकटवायचं, पेशी सोडायच्या.

ओढ मोजायची रीत सोपी आहे, निदान सांगायला. पेशी जेल ओढते, जेलमधले मणी सरकतात. मण्यांचा फोटो घ्यायचा, मग ट्रिप्सिन या विकराने पेशी सोडवायची, जेल मूळ जागी येतं, पुन्हा फोटो. दोन फोटोंतला फरक म्हणजे मणी किती सरकले. जेलचा ताठरपणा ठाऊक असेल तर त्या सरकण्यावरून बळ काढता येतं. डेम्बो आणि वांग यांनी 1999 मध्ये हे गणित फायब्रोब्लास्टवर बसवलं. त्याच्या आधी, 1980 मध्ये, हॅरिस आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन रबराच्या पातळ पापुद्र्यावर पेशी सोडून नुसत्या सुरकुत्या बघितल्या होत्या. मला अजूनही त्या सुरकुत्यांचा फोटो कुठल्याही रंगीत नकाशापेक्षा जास्त पटतो.

हे गणित लक्षात ठेवा: मणी तेवढेच सरकले आणि ताठरपणा चौपट धरला, तर बळही चौपट निघतं.

एप्रिल-मे मध्ये तिने साध्या, रेणू न दिलेल्या पेशींची, म्हणजे तुलनेसाठीच्या कंट्रोलची, मोजमापं घेतली. भरपूर, नीटस. पेशी ऐसपैस पसरलेल्या, पकडी लांबट, चाल संथ, पुस्तकात असावं तसं. ज्याचा पेशींवरचा परिणाम बघायचा होता तो रेणू जूनअखेरीस हातात आला. मायक्रोस्कोप चार गटांत वाटलेला, रात्रीचे स्लॉट मिळवायचे म्हणजे रिझर्वेशनसारखी धडपड. तिने विचारलं, दर वेळी कंट्रोल पुन्हा लावू का? मी म्हणाले, "आहेत ना एप्रिलचे एवढे? स्लॉट वाया नको घालवूस. पुढे चल."

हे वाक्य मी लिहून ठेवलं आहे.

दोन आलेख जे एकत्र नांदत नव्हते

जुलैच्या मीटिंगमध्ये तिने निकाल दाखवले. रेणू दिलेल्या पेशी आखडलेल्या, पकडी ठिपक्यांएवढ्या, चाल झपाट्याची. इथपर्यंत ठीक, असे रेणू असतात. पण ओढीचा आलेख उलटा होता. लहान पकडींच्या या पेशी एप्रिलच्या पेशींपेक्षा दुप्पट जोराने ओढत होत्या.

2001 मध्ये वाइझमन संस्थेतल्या बालाबान, गायगर यांच्या गटाने मोजलं होतं की पकड जेवढी मोठी तेवढं बळ जास्त, दर चौरस मायक्रॉनला साधारण 5.5 नॅनोन्यूटन. त्या हिशोबाने आमचे दोन आलेख एका पेशीचे असूच शकत नव्हते. मात्र त्याच वर्षी बेनिंगो, डेम्बो, वांग आणि सहकाऱ्यांचं काम आलं होतं: सरकत्या फायब्रोब्लास्टच्या पुढच्या काठावरच्या कोवळ्या, छोट्या पकडीच सर्वांत जोरात ओढतात. झालं. आम्हाला हवं ते वाक्य मिळालं. रेणू पकडींना कोवळ्या अवस्थेत थोपवतो आणि म्हणून ओढ वाढते, अशी गोष्ट अर्ध्या तासात रचून तयार. सगळ्यांत उत्साहाने ती मीच रचली. विरोधाभास दिसला की जीवशास्त्रज्ञाला खजिना सापडल्यासारखं वाटतं. एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला तो दिसला असता तर त्याने आधी टेप तपासली असती.

गोषवारा गेला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पेपरासाठी चित्रं जुळवताना मला एक साधी अडचण आली. चित्रात शेजारी शेजारी ठेवायचे दोन फोटो, डावीकडे कंट्रोल, उजवीकडे रेणू. मण्यांची घनता डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. किंचित, पण सगळ्याच जोड्यांत. मणी तर एकाच बाटलीतले, एकाच प्रमाणात घातलेले. मऊ जेल धुताना जास्त पाणी पितं, फुगतं, आणि मणी एकमेकांपासून लांब जातात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. एवढंच वाटलं की हे दोन फोटो एका मापाचे नाहीत. मी तिला म्हटलं, एकदा त्याच दिवशीचा कंट्रोल लाव.

"मॅडम, कंट्रोल आहेत की, एप्रिलचे."

"आहेत गं. तरी एकदा लाव."

ती नाराज झाली होती, ते दिसत होतं. तीन दिवसांनी रात्री साडेदहाला तिने फोटो पाठवला, खाली एक शब्द नाही. रेणू न दिलेल्या पेशी. आखडलेल्या, ठिपक्यांच्या पकडी, झपाझप चालणाऱ्या. रेणू असो नसो, पेशी सारख्याच.

संशयितांची रांग

पेशी बिघडल्या की पहिलं नाव मायकोप्लाझ्माचं. साध्या फिल्टरमधून निसटणारा, मीडिया गढूळ न करणारा हा जीवाणू महिनोन्महिने कल्चरमध्ये राहतो आणि पेशींचं वागणं बदलतो. पीसीआर केलं, नव्हता. पेशींच्या खाद्यातल्या सीरमचा लॉट एप्रिलपासून तोच. मायक्रोस्कोपच्या पेटीचं तापमान मी स्वतः प्रोब घालून रात्रभर नोंदवलं. 37 वरून हललं नाही. जुन्या, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या पेशी काढून वाढवल्या. त्याही तशाच. यात दोन आठवडे गेले.

मग पवईला काम करणाऱ्या माझ्या जुन्या मैत्रिणीला फोन केला. ती शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर आहे, पेशींकडे नंतर वळली. सगळं ऐकून घेतलं आणि ताठरपणाबद्दल, इंजिनिअरांच्या भाषेत ई बद्दल, एकच विचारलं.

"जेलचा ई किती?"

"वीस."

"मोजलास?"

"तक्त्यातला आहे. सगळे तोच वापरतात."

"अगं, तक्ता त्यांच्या जेलचा आहे."

त्या रात्री मला ओढीचं गणित नव्याने दिसलं. आमच्या प्रयोगात जेलचा ताठरपणा दोन वेळा येतो. एकदा पेशी तो पायाने चाचपते, आणि एकदा आमचा प्रोग्रॅम तो एका चौकटीत टाइप केलेला वाचतो. पेशी जेल वाचते, प्रोग्रॅम लेबल वाचतो. जेल प्रत्यक्षात मऊ झालं असेल, तर पेशी मऊ जेलवर वागते तशी वागणार, म्हणजे आखडणार, पकडी लहान करणार आणि कमी ओढणार. पण मऊ जेल कमी ओढीनेही जास्त सरकतं. समजा ओढ निम्मी झाली आणि जेल चौपट मऊ, तर मणी दुप्पट सरकणार. प्रोग्रॅम त्या दुप्पट सरकण्याला वीसने गुणणार आणि सांगणार: ओढ दुप्पट. दोन्ही आलेख एका फटक्यात जुळले. विरोधाभास पेशीत नव्हताच.

अर्थात हे गृहीतक झालं. मोजायला हवं होतं.

पोलादी गोळी

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. अर्धा मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी जेलवर ठेवायची. तिचं वजन अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. खालून मायक्रोस्कोपने गोळीच्या तळाशी चेपलेल्या मण्यांवर फोकस करायचं, चाकावरचा आकडा लिहायचा, मग चुंबकाने गोळी अलगद उचलायची. जेल वर येतं, मणी धूसर होतात, पुन्हा फोकस, पुन्हा आकडा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे खड्ड्याची खोली. हर्ट्झने 1880 च्या दशकात काचेच्या भिंगांच्या स्पर्शासाठी मांडलेलं समीकरण इथे चालतं. पाण्यातलं उणं वजन धरून 20 किलोपास्कलच्या जेलमध्ये ही गोळी साधारण 4 मायक्रॉन रुतायला हवी, 5 किलोपास्कलच्या जेलमध्ये 10. बळ तेच असताना ताठरपणा खोलीच्या दीडाव्या घाताने कमी होतो, म्हणून चौपट फरकाला खोली अडीच पटच वाढते.

80 मायक्रॉनच्या थरात हे मापन फसतं, कारण गोळीला खालची काच जाणवते. म्हणून तिने अर्धा मिलिमीटर जाड जेल ओतले. मी चाक फिरवत होते, ती आकडे लिहीत होती. सहा. सहा. साडेपाच. सहा.

6 मायक्रॉन म्हणजे 11 किलोपास्कल. वीस नाही हे नक्की, पण पेशींचं वागणं इतकं बदलायला आणि गणित जुळायला हवा होता पाचच्या आसपासचा आकडा. अर्धा चोर सापडला होता.

सुदैवाने तिला एक चांगली सवय आहे. प्रत्येक बॅचची एक जास्तीची काच ती पीबीएस या क्षारांच्या द्रावणात बुडवून फ्रिजमध्ये ठेवते, "लागली तर" म्हणून. जुलै-ऑगस्टच्या तीन बॅचच्या काचा शिल्लक होत्या, आणि मेची एक. त्या चार काचा डब्यात घालून, डबा मांडीवर धरून आम्ही ऐरोलीच्या पुलावरून पवईला गेलो. मुसळधार पाऊस, टॅक्सीच्या काचा आतून धुकटलेल्या, आणि ती प्रत्येक स्पीडब्रेकरला ड्रायव्हरला म्हणत होती, "काका, सावकाश, पाणी सांडेल." तिथे अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या टोकाला चिकटवलेल्या मण्याने पातळ थरच थेट मोजला. इथे मणी जेमतेम मायक्रॉनभर रुतवायचा असतो, त्यामुळे खालची काच आड येत नाही. मेची काच: 19 च्या आसपास. पावसाळ्याच्या तीन: 4 ते 6 च्या मध्ये, आणि तिन्ही एकमेकींपासून वेगळ्या.

जाड जेल 11 आणि पातळ 5, एकाच कृतीचं, असं का? उत्तर हवेत आहे. प्राणवायू मुक्त मूलकांना गिळतो आणि साखळ्या जुळणं थांबवतो. सुरुवात जोमदार असेल तर तो चटकन संपतो आणि जेल बसतं. सुरुवातच मरगळलेली असेल तर कडेने आत शिरणाऱ्या प्राणवायूला भरपूर वेळ मिळतो, आणि पातळ थराला त्याचा फटका जास्त बसतो. म्हणजे संशय सुरुवात करणाऱ्यावर गेला. टेमेड किंवा एपीएस.

मुकी बाटली

तिची वही उघडली. प्रत्येक बॅचपुढे जेल बसायला लागलेला वेळ लिहिलेला होता. एप्रिल: 11 मिनिटं, 12, 10. मेअखेर: 14. जुलै: 28, 35, 40. तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं आणि प्रामाणिकपणे थांबली होती. नळीतलं पाणी हललं नाही की बसलं, असं मीच शिकवलं होतं. बसलं म्हणजे पूर्ण बसलं असं नव्हे, हे शिकवलं नव्हतं. वही दर महिन्याला सही करायला माझ्याकडे येते. त्या पानांवर माझ्या सह्या आहेत.

एपीएसची बाटली फ्रिजमध्ये होती. भुकटीच्या जागी दगड झालेला, चमच्याने खरवडून काढायचा. आमचे लॅब असिस्टंट काका शेजारी ग्लासवेअर लावत होते. एका जुन्या लॅबमध्ये वीस वर्षं त्यांनी रोज प्रथिनांचे जेल ओतलेत. बाटली बघून ते जवळ आले, वजनकाट्यावरच्या थोड्या खड्यांवर पिपेटने पाणी सोडलं आणि कान खाली नेला.

"मॅडम, हे मुकं झालंय."

"म्हणजे?"

"चांगलं असलं की पाणी पडताक्षणी चटचट वाजतं. बारीक. तव्यावर मोहरी पडल्यागत. हे बघा, काहीच नाही."

त्यांनी शेजारच्या लॅबमधून नवी बाटली मागून आणली, तसंच केलं. आम्ही तिघं वजनकाट्यावर वाकलो. एसीच्या घरघरीत आधी काही ऐकू आलं नाही, म्हणून तिने एसी बंद केला. मग आलं. अगदी बारीक, चटचट.

एपीएसला ओल चालत नाही. ओलीने ते हळूहळू विघटित होतं आणि मूलकं देण्याची ताकद जाते. खारघरचा पावसाळा डोंगराच्या कुशीतला. जुलैत हवा अशी असते की वहीची पानं मऊ पडतात. त्यात बाटली 4 अंशांच्या फ्रिजमधून काढायची आणि थंड असतानाच झाकण उघडायचं. थंड भुकटीवर ओलसर हवेचं दव धरतं, झाकण लावून ते दव आत बंद करायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उन्हाळ्यात हे खपून गेलं. नव्या एपीएसने ओतलेलं जेल 11 मिनिटांत बसलं आणि पवईला 20 च्या आसपास मोजलं गेलं. त्यावर पेशी ऐसपैस पसरल्या.

मग

गोषवारा मागे घेतल्याचं पत्र मी लिहिलं. चार ओळींचं. आयोजकांनी कारण विचारलं नाही, पण मी लिहिलं: जेलचा ताठरपणा गृहीत धरला होता, मोजला नव्हता.

आता एपीएस छोट्या बंद नळ्यांत वाटून, सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवतो. निळे खडे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये. एक नळी, एक दिवस, उरलेलं फेकायचं. थंड काही असेल तर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. जेल 15 मिनिटांत बसलं नाही तर बॅच रद्द. दर बॅचचा एक जाड तुकडा आणि गोळी. कंट्रोल त्याच दिवशीचा, त्याच बॅचचा, मग स्लॉट मिळो न मिळो. यातलं काहीही नवीन नाही, प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या प्रोटोकॉलच्या तळटीपेत असतेच.

ऑक्टोबरमध्ये रेणूचे प्रयोग पुन्हा झाले. पकडींच्या आकारात फरक नाही. ओढीत नाही. चाल थोडी कमी वाटते, पण पेशी-पेशींमधल्या नेहमीच्या फरकाच्या आतच. रेणू बहुधा काही करत नाही, निदान या पेशींत, या मात्रेत.

तिने एकदा विचारलं, "माझे चार महिने गेले ना?" मी नाही म्हणू शकले नाही. ज्या तीन बॅचच्या काचा शिल्लक होत्या त्यांचा खरा ताठरपणा कळला होता, म्हणून तेवढ्यांची ओढ नव्याने काढता आली. एप्रिलच्या निम्म्याच्या आसपास निघाली, लहान पकडींना शोभेल अशी. बाकीच्या बॅचचं काही करता येत नाही. प्रत्येक जेल वेगळं, आणि कुठलं किती मऊ होतं हे सांगायला कुणी उरलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला स्वस्थ बसू देत नव्हती. चार वर्षांपूर्वी आमचा एक पेपर याच जेलवरचा आला होता. त्या विद्यार्थ्याच्या वह्या कपाटातून काढल्या. त्यातली एक आकृती जुलै-ऑगस्टमधली. जेल बसायला किती वेळ लागला, हा रकानाच त्या वहीत नाही. काचा कधीच फेकल्या गेल्या. तो आता जर्मनीत असतो. त्याला लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "मॅडम, तेव्हा मी नवीन बाटली फोडली होती असं आठवतं. पण खात्रीने नाही सांगता येणार."

म्हणून ती एक आकृती आम्ही पुन्हा करतो आहोत. पहिली बॅच सोमवारी ओतली. काका आधी येऊन एसी बंद करून गेले होते.